परवाना येईपर्यंतचं भाडं

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

दिवाळी नुकतीच झाली होती. तिशीतला एक तरुण आपल्या आईला घेऊन माझ्या ऑफिसात आला. महामार्गाच्या रुंदीकरणात त्यांची जमीन गेली होती आणि मोबदल्याचे ४० लाख रुपये बँकेत पडून होते. मुलाला जिल्ह्याच्या गावी बार काढायचा होता. हॉटेलात पाच-सहा वर्षं नोकरी केलेली, त्यामुळे धंदा अगदीच अनोळखी नव्हता. वहीच्या फाडलेल्या पानावर त्यानं खर्चाचा अंदाज लिहून आणला होता. मी तो वाचत असताना आई गप्प बसून होत्या. निघताना मात्र म्हणाल्या, ''साहेब, रान काही परत यायचं नाही. तेवढं बघा.''

दारू चांगली की वाईट, हा आजचा विषय नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखंही आहे. मी हिशेबनीस माणूस. हा कायदेशीर धंदा करायचाच असेल, तर पहिलं बिल फाटेपर्यंत किती पैसे जातात, एवढंच सांगणार आहे. कारण बार बंद पडतो तो गिऱ्हाईक नाही म्हणून, असं आपण समजतो. माझ्या पाहण्यात जे बंद पडले, त्यातले बरेचसे गिऱ्हाईक यायच्या आधीच निम्मे बुडालेले होते.

त्या कागदावर काय होतं ते आधी सांगतो. आकडे त्याच्या गावचे आहेत, तुमच्याकडे ते निराळे असतील. मांडणी तीच राहील. जागा १२०० चौरस फूट, ६० खुर्च्या. भाडं महिना ८० हजार, सहा महिन्यांचं डिपॉझिट ४ लाख ८० हजार. फर्निचर, रंग, फॉल्स सिलिंग, वायरिंग मिळून १४ लाख. किचन ५ लाख. एसी, फ्रीज, डीप फ्रीजर ४ लाख. परवाना आणि बाकीची शुल्कं ५ लाख. पहिला माल ४ लाख. बोर्ड आणि उद्घाटन १ लाख. बेरीज ३७ लाख ८० हजार. हातात उरणार २ लाख २० हजार. ''म्हणजे बसतंय की!'' असं तो म्हणाला.

कागद वाईट नव्हता. वस्तूंच्या किमती त्यानं चार ठिकाणी फिरून काढल्या होत्या. पण त्या कागदावर फक्त वस्तू होत्या, वेळ कुठेच नव्हता. आणि या धंद्यात सगळ्यात महाग वस्तू वेळ आहे.

याचं कारण समजायला थोडं कायद्याकडे जावं लागेल. आपल्या राज्यात दारूविक्रीचा परवाना कुठल्या कायद्याखाली मिळतो? दारूबंदीच्या! १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, तोच आजही लागू आहे. मूळ नियम बंदीचा, आणि परवाना हा त्याला दिलेला अपवाद. पिणाऱ्यालाही परमिट लागतं, म्हणूनच आपण बारला 'परमिट रूम' म्हणतो. किराणा दुकान काढणं हा तुमचा हक्क आहे, बार काढणं ही सरकारनं दिलेली सवलत आहे. हा फरक भाषणापुरता नाही, तो थेट खर्चाच्या कागदावर उतरतो.

परमिट रूमचा परवाना म्हणजे एफएल-३. तो माणसाच्या नावावर असतो, पण एका ठरावीक जागेपुरता. त्यामुळे अर्ज करायलाच जागा हातात लागते. भाडेकरार, मंजूर नकाशा, खाद्यगृहाचे परवाने हे सगळं आधी. मग राज्य उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक जागा पाहतो, शाळा आणि देवळापासूनचं अंतर मोजलं जातं, अर्जदाराबद्दल पोलिसांचा अहवाल येतो आणि प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. ग्रामपंचायत हद्दीत ग्रामसभेचा ठराव लागतो. यातल्या प्रत्येक टेबलावर कागद थांबू शकतो, आणि तो थांबला म्हणून जागामालक थांबत नाही. करारावर सही झाली त्या दिवसापासून भाड्याचं मीटर सुरू.

माझे एक जुने अशील होते. त्यांनी आधी सगळं सजवून घेतलं. काउंटरला ग्रॅनाइट, मागे आरसे, छताला दिवे. आणि मग एका कागदातल्या त्रुटीवरून अर्ज परत आला. अकरा महिने त्या काउंटरवर पांढरी चादर घातलेली होती. दर महिन्याच्या पाच तारखेला ते भाड्याचा चेक लिहायचे आणि मला फोन करून म्हणायचे, ''बार चालू नाही, पण पार्टी माझीच चालू आहे.'' परवाना आला तेव्हा माल भरायला पैसे नव्हते. ते त्यांनी महिना तीन टक्क्यांनी बाहेरून उचलले. पुढचं सांगायला नको.

म्हणून त्या तरुणाच्या कागदावर मी पहिली ओळ वाढवली, 'रिकामे महिने : ७'. सातच का? सातच लागतील असं नाही. पण चार धरावेत आणि नऊ लागावेत, यापेक्षा सात धरून पाच लागले तर कुणाचं नुकसान होत नाही. सात महिन्यांचं भाडं ५ लाख ६० हजार. त्याचा जागामालक जीएसटीत नोंदलेला, म्हणजे वर १८ टक्के. झाले ६ लाख ६० हजार ८००. शिवाय चांगला आचारी आणि मॅनेजर हातचे जाऊ नयेत म्हणून त्यांना धरून ठेवायचं, राखणदार, विजेचा स्थिर आकार, असे महिना ४० हजार धरले तरी २ लाख ८० हजार. सव्वानऊ लाखांच्या वर गेलं, आणि अजून एक पेगही ओतलेला नाही.

आता जीएसटीबद्दल. इथे भलेभले चुकतात. कारखानदार यंत्र घेतो, त्यावर भरलेला कर त्याला पुढच्या करातून वळता करून मिळतो. साध्या रेस्टॉरंटला तसं नाही. जेवणाच्या बिलावर तुम्ही ५ टक्के जीएसटी लावता तो 'खरेदीवरच्या कराची वजावट नाही' याच अटीवर. आणि दारू तर जीएसटीच्या बाहेरच आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट. त्यामुळे फर्निचरवाल्यानं, किचनवाल्यानं, एसीवाल्यानं लावलेला १८ टक्के जीएसटी हा तुमचा खर्चच, तो कुठूनही परत येत नाही. त्या पोरानं सगळीकडे कोटेशनमधला वरचा आकडा लिहिला होता. 'कर वेगळा' ही तळाची बारीक ओळ राहून गेली होती. १४, ५ आणि ४ मिळून २३ लाख, त्यावर १८ टक्के म्हणजे ४ लाख १४ हजार. त्याचे उरलेले २ लाख २० हजार इथेच संपले आणि वर १ लाख ९४ हजार कमी पडले.

मालाचे ४ लाख त्यानं मित्राच्या जुन्या खरेदीवरून धरले होते. पण जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीपर्यंत नेलं. १८० मिलिच्या बाटलीची, म्हणजे आपल्या क्वार्टरची, किमान किरकोळ किंमत २०५ रुपयांवर गेली. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधल्या विक्रीवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झालाच होता, आणि २०२५-२६ साठी परवाना शुल्कही १५ टक्क्यांनी वाढलं. याच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी राज्यातल्या परमिट रूमनी एक दिवस बंद पाळला. शुल्क बरोबर की चूक, ते सरकार आणि संघटना बघून घेतील. आपल्याला एवढंच कळायला हवं, की तेवढंच कपाट भरायला आता जास्त भांडवल लागतं. माल परवानाधारक ठोक विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो, आणि नव्या गिऱ्हाइकाला तो उधार देईल असं धरून चालू नये. मालाला मी आणखी १ लाख वाढवले.

परवान्याचे ५ लाखही नीट पाहायला हवेत. शुल्क गावाच्या लोकसंख्येवर ठरतं. मोठ्या शहरात ते खूप जास्त, लहान गावात कमी. दुसरं म्हणजे परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. तुम्ही नोव्हेंबरात दार उघडलं, तर चार-पाच महिन्यांत नूतनीकरणाचं पुढचं शुल्क दारात उभं. धंद्यानं अजून बाळसंही धरलेलं नसतं. याशिवाय अन्नसुरक्षेचा परवाना, दुकाने व आस्थापना नोंदणी, अग्निशमनचं ना-हरकत प्रमाणपत्र, वजनमापांची पडताळणी, गाणी लावणार असाल तर त्यांच्या हक्काचे पैसे. यात रकमा लहान आहेत, पण ओळी पुष्कळ.

अग्निशमनाच्या ओळीवर मात्र काटकसर करू नका. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल आवारात आग लागली आणि १४ माणसं गेली. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबमध्ये २५ गेली. दुसरा जिना, मोकळी वाट, न पेटणारं छताचं सामान हे सगळं फर्निचरच्या १४ लाखांतच बसवायचं आहे. ते बसत नसेल तर आरसे कमी करा.

बोर्डाचा खर्च किरकोळ, पण एक गंमत सांगतो. २०२२ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार नामफलक मराठीत, देवनागरीत हवा आणि त्याची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. आणि दारू विकणाऱ्या आस्थापनेला थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. आमच्या या तरुणानं एका किल्ल्याचं नाव ठरवून बोर्डाची डिझाइनही करून घेतली होती! ती वाया गेली.

आता दार उघडलं असं समजू. महिन्याचा ठरलेला खर्च बघा. भाडं करासह ९४ हजार, दहा माणसांचे पगार १ लाख ६० हजार, वीज आणि गॅस ६० हजार, बाकी किरकोळ धरून साधारण साडेतीन लाख. एका गिऱ्हाइकाचं बिल सरासरी ५०० रुपये आणि त्यात मालाची किंमत व कर वजा जाता हाती २२५ राहतात असं धरलं, तर साडेतीन लाख भरून निघायला महिन्याला साडेपंधराशेच्या वर गिऱ्हाइकं हवीत. महिन्यात २६ दिवस नीट चालले तर रोजची ६०. म्हणजे सगळ्या ६० खुर्च्या रोज एकदा भरल्या तर मालक शून्यावर. कर्जाचं व्याज आणि स्वतःचा पगार यात नाही.

हे २२५ तरी खरे हवेत. ७५० मिलिच्या बाटलीत ६० मिलिचे साडेबारा पेग बसतात. कागदावर सगळे साडेबारा धरतात. प्रत्यक्षात थोडं सांडतं, थोडं 'ओळखीच्याला' जास्त पडतं. बारा धरले तरी हात नीट हवा. चकणा फुकट द्यायचा असेल तर शेंगदाण्यांचंही पोतं खर्चात लिहा.

आणि २६ दिवस का? २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दिवस बंदच. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मोजणीचा दिवस बंद. गणपती विसर्जनाला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येतो. वर्षभरात नगरपालिका, जिल्हा परिषद, विधानसभा अशा निवडणुका लागोपाठ आल्या, तर किती रात्री जातात ते कॅलेंडरवर मांडून बघा. भाडं त्या रात्रींचंही द्यावं लागतं. त्यात आपला श्रावण. आषाढी अमावस्येला उभं राहायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या मोकळ्या. मग गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र. ज्याचं दार जुलैअखेर उघडेल, त्यानं पहिले तीन महिने निम्म्याच धंद्याचे धरावेत. मी त्या कागदावर पहिले चार महिने निम्मा खर्च वसूल होईल असं धरलं. उरलेला निम्मा, महिना १ लाख ७५ हजार, चार महिन्यांचे ७ लाख खिशातून.

शेवटी कामात निघणाऱ्या अडचणींसाठी, भिंत फोडल्यावर गळणारा पाइप दिसतो त्या प्रकारासाठी, बांधकाम-सामानाच्या दहा टक्के, २ लाख ७० हजार. आता बेरीज केली. ६२ लाखांच्या वर गेली. हातात ४० लाख.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, ''बाकीचं कर्ज काढू.'' इथे एक सांगायला हवं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या अनुदानाच्या योजनेत दारू देणारं हॉटेल किंवा ढाबा बसत नाही, तो वगळलेल्या धंद्यांच्या यादीत आहे. बाकी बँक कर्ज देईलही, पण तारण मागेल. तारण म्हणजे राहतं घर. त्याच्या आईंनी मान वर केली ती तेव्हा.

घर तारण टाकू नका, असं मी सहसा सांगत नाही. धंद्यात जोखीम असतेच. पण या धंद्यात एक जास्तीची जोखीम आहे, जी मघाशी सांगितलेल्या 'अपवादा'तून येते. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. रीतसर शुल्क भरलेले परवाने बंद पडले. ती उठली २०२१ मध्ये. मधली सहा वर्षं ज्यांचे हप्ते चालू होते, त्यांचं काय झालं असेल? सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालानं १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री थांबली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी ही मर्यादा २२० मीटर. शहरी हद्दीपुरता खुलासा त्याच वर्षी जुलैत झाला, पण तोवर भर उन्हाळ्याचा हंगाम गेला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंद झालेले बार आपल्याकडे ५ ऑक्टोबरला उघडले, तेही निम्म्या खुर्च्यांनी. आणि गावातल्या किंवा वॉर्डातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली, तर मतदान लागतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. तो त्यांचा हक्क आहे, आणि मला तो योग्यही वाटतो. पण हिशेबाच्या कागदावर तो असलाच पाहिजे.

काहीजण या कटकटीतून सुटायला दुसऱ्याचा जुना परवाना 'चालवायला' घेतात. महिन्याला ठरावीक रक्कम परवानाधारकाला द्यायची, आपलं नाव नोकरनाम्यावर लावून घ्यायचं आणि प्रत्यक्षात धंदा आपला. वेळ वाचतो हे खरं. पण नोकरनाम्यावर तुम्ही नोकरच असता. तीस लाखांचं फर्निचर तुम्ही लावायचं आणि पुढच्या मार्चला परवानाधारकाचं मन फिरलं, तर तुमच्या हातात काय? रीतसर हस्तांतर करून घ्या किंवा सोडून द्या. सरकारी मंजुरीनं आणि शुल्क भरून ते होतं.

मग त्या तरुणानं काय करायचं? मी त्याला चार कामं सांगितली. जागा लहान घे. डिपॉझिट देण्याआधी शाळा, देऊळ आणि रस्त्यापासूनचं अंतर स्वतः टेपनं मोज, नकाशावर विश्वासू नकोस. करारात लिहून घे, की परवाना येईपर्यंत भाडं निम्मं, आणि नाकारला गेला तर डिपॉझिट परत. जागामालक कुरकुर करतात, पण रिकामा गाळा पाहून कंटाळलेला मालक ऐकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी जेवणाचं हॉटेल सुरू कर. परमिट रूमला खाद्यगृह लागतंच, मग ते रिकामं का ठेवायचं? किचनचं स्टीलचं सामान जुनं घेतलंस तरी चालतं, बंद पडलेल्या हॉटेलांचं पुष्कळ मिळतं. (ते का मिळतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.) डीप फ्रीजर मात्र नवाच घे.

त्यानं ऐकलं. ७०० चौरस फुटांचा गाळा, ३२ खुर्च्या, भाडं ३८ हजार, परवाना येईपर्यंत १९. मटण थाळी आणि संध्याकाळी तंदूर. आचारी रिकामा बसून पगार घेत नाही. दिवसाला चाळीसेक ताटं जातात, त्यात भाडं आणि तीन माणसांचे पगार निघतात, वर फारसं काही राहत नाही. ४० लाखांतले २२ अजून बँकेत आहेत आणि त्यांची पासबुकं आईंकडे. अर्ज दिलेला आहे, निरीक्षक एकदा जागा पाहून गेले. बारचं काउंटर नकाशावर दाखवलं आहे, पण अजून बांधलेलं नाही. त्या कोपऱ्यात सध्या तांदळाची पोती आहेत.